मागं सरत केलेली लावणी
भातखाचरातल्या चिखलाचा वास आला की मला बेडशातली ती तालीम आठवते. जत्रेतल्या संगीत नाटकासाठी मी गावातल्या बायकांची लावणी बसवत होते. ढोलकी वाजली की सगळ्या पुढे यायच्या, एक मावशी मात्र मागे सरायच्या. चौथ्यांदा चुकल्यावर मी सगळ्यांसमोर तडकले, "मावशी, तुम्हाला नाही जमत लावणी, बसा खाली!" त्या ओशाळल्या. "ताई, जलमभर भाताची लावणी मागं सरतच केली. पुढं गेलं की लावलेली रोपं तुडवली जात्यात." मी पदर खोचला आणि म्हणाले, "दाखवा मला." आज क्लासच्या मुलींना ती मागे सरणारी पावलं शिकवताना मी एवढंच सांगते, नजर खाली ठेवा, समोर रोपं आहेत.