होडीसारखा ओढलेला मी

मित्रहो, आज संध्याकाळी भंगारवाला येणार होता. सरावली गावातल्या माझ्या घरामागे उभी असलेली जुनी गाडी मी त्याला देऊन टाकणार होतो. खाऱ्या हवेने तिचा तळ गंजला आहे आणि गुडघ्यांमुळे मला आता गाडीखाली शिरता येत नाही.

सकाळी घिवलीहून माझा मित्र दामू आला. त्याचा जन्म मासेमारीत गेला. गाड्या दुरुस्त करण्याचा नाद मात्र आम्हा दोघांना म्हातारपणी लागला. होडी वाळूवरून ओढताना खाली घालतात ते गोल ओंडके त्याने रिक्षातून आणले होते.

गाडी ठोकळ्यांवर पक्की बसवली. ओंडक्यांवर फळी ठेवून त्याने मला आडवं केलं आणि आत ढकललं.

"दामू, बाहेर कसा येऊ?"

"भरती आली का याल, मास्तर. घाई काय हाय?"

बायको दारातून म्हणाली, "भाऊजी, जेवायला तरी काढा त्यांना."

दुपारपर्यंत अर्धा गंज खरवडून झाला. दामूने मला ओढून काढलं. मी अंग झटकलं आणि भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

उद्या दामू आत जाणार, मी ढकलणार.

तुमच्या नादापायी तुम्हाला आत ढकलणारं आणि परत ओढून काढणारं कोण आहे?