दोरावरचा तिसरा नंबर

अमेरिकेतल्या फ्रीमाँटची पोस्टिंग मला रिटायर झाल्यावर मिळाली. ऑर्डर काढली स्वातीने. "काका, यंदा फेब्रुवारीत या. कारणं नकोत," असं फोनवर सांगून तिने तिकीटच पाठवलं. स्वाती म्हणजे फौजेतल्या माझ्या सेक्शनमधल्या नाईक दत्ताराम तांडेलची मुलगी. दत्ताराम ग्लेशियरवर ड्यूटीवर असताना गेला तेव्हा ती पहिलीत होती. ही २००६ सालची गोष्ट; तोवर ती आणि तिचा नवरा निखिल, दोघेही कम्प्युटरवाले, तिकडे स्थिरावले होते.

पोचून आठवडा होतो न होतो तोच तिने बेत सांगितला. डोंगरातल्या गोठलेल्या तलावावर गाइडबरोबर जायचं, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे.

"अगं, बर्फावर बसायचा मला सरकार पगार द्यायचं. तू उलट पैसे मोजतेस?"

ती हसली नाही. "मला बर्फावर उभं राहायचंय काका. तुमच्याबरोबर."

तिच्या आईने, म्हणजे वहिनींनी, त्या घरात ग्लेशियरचं नाव कधी काढू दिलं नव्हतं. मुलीला पलटणीच्या पत्रातलं एकच वाक्य ठाऊक होतं, की वडील कपारीत पडून शहीद झाले. बाकीचं तिला माझ्याकडून हवं होतं, आणि एवढ्यासाठीच तिने मला सातासमुद्रापार बोलावलं होतं.

आम्ही पहाटे निघालो. तलावावर आमचा गाइड डग घसरगाडीवर सामान बांधून तयार होता. भला माणूस.

"बर्फ फूटभर जाड आहे सर. वर ट्रक उभा राहील," तो इंग्रजीत म्हणाला.

"राहू दे. दोर आहे?"

त्याने हसत दोर काढून दिला. मी तिघांच्या कमरेला गाठी मारल्या आणि नियम सांगितला. पुढचा हाक देतो, "एक ठीक." मागचे आपापला नंबर बोलतात. नंबर आला नाही, तर सगळे जागीच खाली बसून दोर धरतात.

"मी एक. निखिल दोन. स्वाती, तू चार."

"काका, तुम्ही थ्री स्किप केलं," निखिल म्हणाला.

खरंच केलं होतं. तोंडाला वळण पडलं होतं ते. "चला पुढे," मी म्हटलं.

"एक ठीक."

"दोन ठीक."

"चार ठीक," स्वाती मागून म्हणाली.

मधोमध पोचल्यावर डगने मोठ्या गिरमिटाने भोकं पाडली. आम्ही घडीच्या स्टुलांवर बसून हातभर काठीचे गळ सोडले. स्वातीने थर्मासमधला चहा आणि मेथीचे ठेपले काढले. डगने दोन मागून घेतले.

तेवढ्यात बर्फाखालून तोफ डागल्यासारखा आवाज आला. डग शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. थंडीने बर्फ ताणला जातो, त्याचा आवाज." पण स्वातीने माझी बाही घट्ट धरली होती. चेहरा पांढरा पडला होता.

"काका, बाबा खाली एकटे होते का?"

एवढंच विचारायला तिला इतकी वर्षं लागली होती.

"नाही," मी म्हणालो. "दोर होता ना."

मग मी सांगितलं. दत्ताराम दोरावर तीन नंबर होता. मालवणच्या कोळ्याचा पोरगा. रोज पेट्रोलवर मला म्हणायचा, "उस्ताद, हयसर खाली बांगडो गावतलो." इथे खाली बांगडा मिळेल म्हणे. त्या सकाळी त्याच्या पायाखालचा, कपारीवरचा बर्फाचा पूल खचला. आम्ही खाली बसलो, दोर धरला आणि त्याला वर काढलं. जिवंत काढलं. पण मार आत लागला होता. मी रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी एक. हेली पाठवा. ओव्हर."

"व्हिजिबिलिटी शून्य. वेट. आउट."

ढग हटले नाहीत. तंबूत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाकीचे दोघं त्याचे पाय चोळत होते. त्याला आपण समुद्रात उभे आहोत असं वाटत होतं. मागच्या सुट्टीत तो स्वातीला पोटाखाली हात धरून पोहायला शिकवत होता.

"शेवटी हसून म्हणाला, 'हात काढलंय मी, तरी माजा चेडू तरंगता.' मग बोलला नाही."

स्वाती रडली. मोकळी रडली. निखिल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मलाही आवरलं नाही.

"मला आठवतंय," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांनी हात काढला होता. मला कळलंच नव्हतं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग पुढे तीन नंबर कोण?"

"कोणी नाही. सेक्शनने तो पुन्हा कुणाला दिला नाही."

तिचा गळ हलला. डग ओरडला, "ओढा, ओढा!" वीतभर चकचकीत ट्राउट वर आला. स्वातीने तो ओंजळीत धरला, नीट पाहिला.

"बांगडा नाहीये," ती म्हणाली, आणि भोकातून त्याला अलगद परत सोडला.

परतताना वारा सुटला. मी पुन्हा गाठी तपासल्या. थोडं चाललो आणि हाक दिली.

"एक ठीक."

"दोन ठीक."

मी सवयीने चारची वाट पाहिली. मागून स्वातीचा आवाज आला, खणखणीत.

"तीन ठीक."

मी थांबलो. डोळे पुसायला हातमोजा काढावा लागला.

"चला," मी म्हणालो. "दोर ताणून ठेवा."