काकू, तुम्ही बाहेर बसा

मंडळी, आज सकाळी आमच्या ह्यांना पहिल्यांदाच थेरपिस्टकडे नेलं, घाटकोपरला. दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर गेले, तेव्हापासून हे घरात असून नसल्यासारखे. झोप नाही, बोलणं नाही.

सवयीने शुगरच्या रिपोर्टांची फाइल घेतली आणि खुर्चीत बसल्या बसल्या मी सुरू झाले, "यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही..." कुठल्याही डॉक्टरकडे ह्यांचं दुखणं मीच सांगते.

थेरपिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, आता तुम्ही बाहेर बसा. मला काकांकडून ऐकायचंय. आणि इथलं बोलणं मी तुम्हालाही सांगणार नाही हां."

मी म्हटलं, "अगं, ते तोंड उघडायचे नाहीत." तरी बसले बाहेर, पाऊण तास दाराकडे बघत.

हे आले ते डोळे लाल होऊन. गोळ्या नाहीत, चिठ्ठी नाही, फक्त पुढच्या गुरुवारची वेळ. रिक्षात मी कशीबशी जीभ आवरली. विक्रोळी आली तसे हेच म्हणाले, "बाळ्याबद्दल बोललो गं."

दोन वर्षांत भावाचं नाव ह्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल तर बिनधास्त न्या. पहिल्या दिवशी सगळं बरं होत नाही, पण सुरुवात होते. फक्त दाराबाहेर बसायची तयारी ठेवा. मला फार जड गेलं. तुम्हाला जमेल?