काटवलाचे कांदे

घर घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, जन्मभर बाळंतपणं करणाऱ्या बाईला घराची दुरुस्ती ती काय जड! नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गडचिरोलीच्या आडगावांत गेली. लग्न केलं नाही, बदल्या तेवढ्या होत राहिल्या. जाईन तिथे सरकारी क्वार्टर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी हात कचरायचा, कारण भिंत आपली नाही. म्हणून निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीच्या कडेला जुनं कौलारू घर आणि मागचं भलं मोठं परस माझ्या नावावर झालं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी समोरच्या खोलीच्या भिंतीत एक खिळा ठोकला. गरज काहीच नव्हती. खिळा बसला, पण हातभर पोपडा खाली आला.

घर घेण्याचं खरं कारण मात्र माझी माय. ऐंशीच्या पुढची, वैनगंगेपलीकडच्या आमच्या गावात एकटी राहणारी. हिवाळ्यात ती अंगणात पडली. सकाळी पडली ती दुपारी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा उचलली गेली. हाड मोडलं नाही, हे नशीब. लोकांना मात्र सांगत सुटली, "पडलो गिडलो नाई, ऊन घेऊन राह्यलो होतो." तेव्हापासून माझी झोप उडाली. फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की मी तिच्या शेजारणीला फोन लावायची. माझ्याकडे ये म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "तुह्या घरी येऊन करू काय? बसून खाऊ?"

मी ठरवलं, असं घर करायचं की तिला नाही म्हणता येणार नाही. आणि तेही पावसाळ्याच्या आत.

मिस्त्रीनं छपराचा एक वाळवी लागलेला लाकडी फाटा बोटानं दाबला, तर बोट आत गेलं. "सिस्टरबाई, हे घर उधईनंच धरून ठेवलं हाय. उधई काढली तं घर खाली येते." तो हसला, मी नाही हसले. कौलं उतरवली, फाटे जाळायला दिले, लोखंडी पाइपांवर पत्रे चढवले. न्हाणीघरात कमोड बसवला, खांद्याइतक्या उंच पांढऱ्या फरशा लावल्या. पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून मागच्या ओट्यापर्यंत भिंतीला धरायला स्टीलच्या दांड्या ठोकून घेतल्या. दांड्यांची उंची मायच्या हिशेबानं मी स्वतः टेपनं मोजली. मिस्त्री नव्या गिलाव्यात माझा तो पहिला खिळा काढायला निघाला, तेव्हा मी अंगावर धावून गेले. "त्याले हात नोका लावू. तो माझा हाय." त्यानं खिळ्याभोवतीनं गिलावा केला आणि मजुरांकडे पाहून डोळे फिरवले.

परसाची तऱ्हा निराळीच. घाणेरी, बेशरम, गाजरगवत असं रान माजलं होतं की विहीर कुठे आहे ते तिसऱ्या दिवशी कळलं. आमच्या भागात घरामागं असं रान ठेवत नाहीत. आत साप असला तर असला, बिबट बसला तर काय करता? ते साफ करायला जंगलाकडच्या गावातली एक बाई यायची. माझ्याच वयाची, कमी बोलणारी, हाताला विलक्षण चलाख. एक दिवस तिनं खणता खणता थांबून मला हाक मारली. मातीत मुळ्यासारखे फुगीर कांदे होते.

"बाई, काटवलाचे हायेत. राहू द्या. पावसात वेल निंगन."

काटवलाची, म्हणजे करटोल्याची, भाजी मला कोण आवडते! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात सफाई शिरली होती. "एकही मूळ ठेवाचं नाई," मी म्हटलं. "ठेवलं का पुन्हा रान होते." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कांदे टोपलीत भरले आणि न्हाणीमागं फुटक्या कौलांच्या ढिगावर नेऊन टाकले. मेअखेर परस असं झालं की या टोकाला टाकलेली सुई त्या टोकावरून दिसावी. मी ओट्यावर उभी राहून ते उघडं मैदान बघायची आणि मला फार अभिमान वाटायचा.

मृग लागायच्या आधी मायला आणायला गेले. "चार दिवस येतो," म्हणाली. दोन लुगडी, चष्मा, तंबाखूची डबी, एवढंच पिशवीत भरलं. मग तिनं आपलं खुरपं पुसून छपरात खोचून ठेवलं. त्या खुरप्याच्या मुठीला तिनं कधीकाळी बांधलेली चिंधी अजून तशीच होती, घामानं काळी पडलेली.

"तेही घे ना," मी म्हटलं.

"चार दिवसासाठी काऊन?"

घरात बुद्धवंदना झाली, खीर झाली. मग मी तिला घर दाखवलं. दांड्या दाखवल्या, कमोड दाखवला, बटण दाबून लख्ख उजेड केला. तिनं पांढऱ्या फरशीवरून हात फिरवला, नाकाला लावला.

"दवाखाना बांधला का?"

 ती म्हणाली तसंच होतं. मी आयुष्यभर जे पाहिलं, तेच बांधलं. ती मागच्या दारात गेली, त्या सफाचट परसाकडे पाहून म्हणाली, "अन् इथी का झालं? लगन लागनार हाय का मांडव टाकून?"

पुढचे दोन दिवस ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली, दवाखान्याबाहेरच्या बाकावर नंबर लावून बसल्यासारखी. चहा प्यायली, जेवली, "बरं हाय," म्हणाली. मला रडू येत होतं आणि रागही. तीन महिने मी उन्हात उभी राहून ज्यासाठी रापले, त्यात तिला बसायला जागा सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "उद्याची बस कितीले हाय?"

चौथ्या दिवशी सकाळी पलंग रिकामा होता.  धावत मागं गेले, तर माय न्हाणीमागच्या ढिगावर बसलेली. कौलाचे तुकडे बाजूला रचून ठेवले होते आणि ओच्यात काहीतरी गोळा करत होती.

"कोन फेकले हे?"

"मी."

"डोस्कं हाय का जाग्यावर?"

काही कांदे वाळून गेले होते. सात तिनं जिवंत ठरवले. नखानं साल खरवडून पाहायची आणि माझ्या नाकाशी धरायची, जणू मला वासावरून कळणार होतं. मी बाजारातून नवं खुरपं आणलं. ते तिच्या हातात बसेना, म्हणून त्याला आणि मला आळीपाळीनं शिव्या देत तिनं सातही कांदे कुंपणाच्या कडेनं लावले. संध्याकाळी मी भीतभीत बसची वेळ सांगितली, तर म्हणाली, "निंगू तं दे. असं लावून कोनी जाते का?"

सातातले पाच निघाले. मग वेलांना चढायला काटक्या हव्या होत्या. मग फूल येऊ द्यायचं होतं. जायचा दिवस पुढं पुढं सरकत गेला आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. दरम्यान माझ्या दांड्यांवर लुगडी वाळू लागली, लसणाच्या गड्ड्या लटकल्या. धरायला म्हणून त्यांना तिनं एकदाही हात लावला नाही.

आषाढात पिवळी फुलं आली. तीन वेलांवर फुलंच फुलं, काटवल एक नाही. दोन वेलांवर मात्र फुलामागं बारीक काटेरी गोळी दिसू लागली. मी आपली शहाणी, ते तीन वांझ वेल उपटायला वाकले. मायनं मागून माझ्या पाठीत धपाटा घातला.

"ते नर हायेत! पूर्न जिंदगी बाळंतपनं करन्यात गेली, अन् नर नाई तं पोर कुठून होते, हे नाई समजत तुले?"

शेजारची सून कुंपणापलीकडे एवढी हसली की तिच्या हातातली बादली सांडली. मीही हसले. किती तरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

भाद्रपदापर्यंत आम्ही काटवलं खाल्ली, शेजारी वाटली. कांदे दाखवणाऱ्या त्या बाईलाही मी ओंजळभर दिली. तिनं घेतली अन् म्हणाली, "वेल निंगले ना, बाई?" तेवढं ऐकून घेणं मला भागच होतं.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, वेल वाळले. मायनं कांद्यांच्या जागेवर धानाची तणस पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर धुतलेलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन ओट्यावर तयार.

"बस कितीले हाय?"

सहा महिने दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "जा! वेल वाळले, तुझं काम झालं. जा अन् पड तिथीच अंगनात! मी फोन करत बसन, तू ऊन घेत पडून राह्य. मले भेव वाटते, माय. दररोज वाटते. पन तुले काय त्याचं?"

ती शांतपणे ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "झालं? आता पिशवी पाह्य."

मी पिशवी हातात घेतली. ती रिकामी होती.

"खुरपं आनाले चाललो. तुह्या त्या बाजारच्या खुरप्यानं पुढच्या साली कांदे कापून ठेवीन मी. अन् पाटा बी आनाचा हाय, तं तू बी चाल. मले आता उचलत नाई."

मले आता उचलत नाई. उभ्या जन्मात हे वाक्य मायच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी तोंड धुऊन आले आणि आम्ही दोघी दहाच्या बसनं गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ती खुरपं हातात घेऊन घरभर फिरली. खोचायला छपरात फाटा नव्हता, गुळगुळीत पाइप होते सगळे. मग समोरच्या खोलीत तिला माझा खिळा दिसला. मुठीची चिंधी त्यात अडकवून तिनं खुरपं टांगलं आणि हात झटकले.

घरी आलेले पाहुणे बसल्या बसल्या त्या खुरप्याकडे बघतात. बघू देत.