कापूस काढलेली खोली

आत्याचं ऑपरेशन सोमवारी अकोल्याला होतं आणि माझ्या हातात शनिवार-रविवार होते. गळ्यातली गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली. भाद्रपद सरता भुलाबाई बसते, त्या दिवसांत तिची गाणी म्हणायला अख्खी आळी आत्याच्या ओट्यावर जमते. तिच्याजवळ नऊ गाणी अशी होती की ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. शब्द वहीत उतरवता येतात. चाली फक्त तिच्या गळ्यात होत्या.

आणि गावात स्टुडिओ होता तो माझा एकट्याचा. पुण्यात चार वर्षं एका स्टुडिओत राबून, 'मले-तुले'वरून हसं करून घेऊन मी नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आलो होतो. स्पीकरसमोर बसून आवाज बरा की वाईट ते ठरवायला एक खोली लागते, म्हणून मी घरातली मागची खोली मागितली. बाबांनी दिली, पण अर्धी. उरलेल्या अर्ध्या खोलीत कापूस होता, पार स्लॅबला टेकलेला, भाव चढायची वाट बघत. पुढे माझे स्पीकर, पाठीमागे जाळी, जाळीमागे कापूस. अंगाला दिवसभर खाज सुटायची. तरी त्या हिवाळ्यात मी केलेली लग्नाची गाणी, भजनं लोकांनी उचलून धरली. "कान तयार आहे पोट्ट्याचा," असं लोक म्हणायचे आणि मलाही ते पटायचं.

खोलीची मात्र लाज वाटायची. पुण्याच्या मित्राला फोटो पाठवायचा तर कापूस वगळून काढावा लागे. आत्याचं ऑपरेशन ठरलं तसा मी बाबांच्या मागेच लागलो, की तिची गाणी नीट रेकॉर्ड व्हायची तर खोली पूर्ण रिकामी पाहिजे. दोन दिवस आमचा अबोला होता. शेवटी बाबांनी गाडी बोलावली आणि कापूस गेला. मी भिंतींना खाचाखाचांचा काळा फोम चिकटवला, दोन बोटं जाडीचा. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"गादीचं दुकान टाकून राह्यला का बे?"

"त्यानं आवाज घुमत नाही, बाबा."

"कापूस होता तवा कुठी घुमत होता?"

मी फोमचा पुढचा तुकडा चिकटवला. यांना काय कळतं, असं मनात आलं होतं. आज ते लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी आत्या आली. माजघरात चारही बाजूंनी गोधड्या टांगून मी तिला मध्ये बसवलं, समोर माइक ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन स्पीकरसमोर बसलो. अवेळी भुलाबाई म्हणायची म्हणून तिनं आधी हात जोडले, मग पहिलं गाणं म्हटलं. ती खालच्या सुरात आली की माझ्याकडे घूं घूं व्हायला लागलं, रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसं.

"आत्या, पुन्हा. जरा मागं सरक."

पुन्हा तेच. मी माइक बदलला, गोधड्या वाढवल्या, तिला बाजेवरून खाली सतरंजीवर बसवलं. घूं घूं हटेना.

"खालचे सूर हलके घे ना."

"हलके घेतले तं चाल कुठी राह्यते रे?" ती म्हणाली, पण तिनं तसंही म्हणून पाहिलं.

दुपारपर्यंत एकच गाणं अकरा वेळा झालं होतं. वेळ हातातून चालला होता आणि माजघरात जाऊन तो राग मी तिच्यावर काढला. "तुझा गळाच भरलेला येतोय, आत्या. गाठीमुळे असेल." तिनं गळ्यावरून हात फिरवला.

"परत म्हनू?" एवढंच विचारलं.

रविवारी दुसरं गाणं घेतलं, त्याचंही तेच झालं. दुपारी एका ओळीवर तिचा आवाज चिरकला. ती पाणी प्याली, पुन्हा तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. तेवढ्यात लाईन गेली.

स्पीकर बंद पडले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणून दोन दिवसांत पहिल्यांदा मी हेडफोन घातले. हेडफोनवर आवाजाचा निवाडा करायचा नाही, हे पुण्यात शिकलो होतो आणि व्रतासारखं पाळत होतो. शनिवारचं पहिलं म्हणणं लावलं. आवाज स्वच्छ होता. खालचे सूर जिथल्या तिथे, भरीव, आत्याचे. दुसरं लावलं, तिसरं लावलं, सगळी तशीच. घूं घूं कुठेच नव्हतं.

हेडफोन काढून मी टाळी वाजवली. ती कोपऱ्यातून घूं करत परत आली. घुमत होती ती माझी खोली, आत्याचा गळा नव्हे. फोमनं फक्त बारीक आवाज खाल्ले होते. जाड आवाज धरायची त्याची ऐपत नव्हती. तो हिवाळाभर कापसानं धरला होता. लोकांनी वाखाणलेला कान माझा नव्हताच म्हणायचा.

मी माजघरात धावलो. "आत्या, तुझं सगळं बरोबर होतं. चूक माझी झाली. राहिलेली सात एकेकदा म्हण, बस." तिनं गळ्याकडे बोट केलं आणि नाही म्हणून मान हलवली. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती अकोल्याला गेली.

गाठ साधी निघाली. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. आवाज मात्र कुजबुजण्यापुरताच उरला. त्या वर्षी भुलाबाईला ती ओट्यावर बसली आणि पोरींच्या गाण्यावर नुसत्या टाळ्या देत राहिली.

दिवाळीपर्यंत नवा कापूस घरात आला. बाबांनी मला न विचारता तो मागच्या खोलीत भरला, त्याच जाळीमागे. भाऊबीजेला आत्या त्यांना ओवाळायला आली, तेव्हा मी तिला त्या खोलीत बसवून शनिवारचं पहिलं म्हणणं लावलं. गाणं संपेपर्यंत ती मांडीवर ताल धरून होती. मग मला जवळ बोलावून कुजबुजली, "हे पहिलंच बरं होतं. मले तवाच समजलं होतं."

"मग सांगितलं काऊन नाही, आत्या?"

"तू शिकून आलता ना, बाबू."