मोठ्या आईला इंग्रजीत काय म्हणतात

माझा मुलगा इंग्लंडला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, उन्हाळ्यात तुम्ही या, पण सुनेला मराठी येत नाही, थोडं इंग्रजी शिकून घ्या. घरात आम्ही दोघी जावाच, दोघींचेही नवरे गेलेले. 'तुम्ही' म्हणजे दोघी, असंच आम्ही धरलं. मी साखळी गावच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला जायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालून, भरवून वाढवलं ते माझ्या मोठ्या जावेनं, वयनीनं. तिला तो मोठी आई म्हणतो.

आमच्या गावाहून, लाटंबार्शाहून, बसनं आम्ही साखळीला शिकवणीला जाऊ लागलो. शिकवणारी मुलगी तरुण, पण चांगली. नणंदही सिस्टर-इन-लॉ आणि जाऊही सिस्टर-इन-लॉ, हे ऐकून आम्ही हसलो. मग वयनीनं विचारलं, मोठ्या आईला काय म्हणतात? ती म्हणाली, आंट. पुढे विनंतीची वाक्यं आली. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' पोटच्या पोराच्या घरी पाणी मागायला एवढं लांब वाक्य कशाला, म्हणून मी चिडले. वयनी मात्र तांदूळ निवडताना ते घोकायची.

तिकिटं काढायच्या वेळी त्याचा फोन आला. वयनी शेजारीच होती, फोनचा आवाज मोठा ठेवलेला.

"आई, तू एकटीच ये," तो म्हणाला. "इथे कोणी आंटला बोलावत नाही."

शिकवणीत तो शब्द ऐकला तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्याच्या तोंडून ऐकला आणि माझ्या अंगाची लाही झाली. मी बोलण्याआधी वयनी फोनकडे वाकली आणि शिकवल्याप्रमाणे नीट म्हणाली, "इट्स ओके. नो प्रॉब्लेम."

पलीकडून तो म्हणाला, "थँक यू."

"थँक यू कोणाला म्हणतोस?" मी म्हटलं. "तापात तुला मांडीवर घेऊन बसायची ती तुझी आंट झाली? माझंही तिकीट काढू नको." आणि फोन ठेवला.

वयनी माझ्यावरच रागावली. नातीचं तोंड बघायची संधी घालवलीस गो, म्हणाली. मी गेले नाही ती नाहीच.

तो अजून रविवारी फोन करतो. वयनी हसून बोलते, बाळाची चौकशी इंग्रजीत करते. मला ते ऐकवत नाही. मी उठून विहिरीकडे जाते. राग त्याच्यावर आहेच, पण तिच्यावरही आहे.