शड्डू मी ठोकला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकात तर नाहीच – आणि पत्रकाबाहेर मी बोललोय तरी कुठे?

शड्डू ठोकणे. पैलवान आखाड्यात उतरला की दंडा-मांडीवर थाप मारतो – ये, बघू. आमच्या चळवळीत बोलणी ठरली की हा शब्द आधी छापून येतो. अर्थ एवढाच: समोर बसू, पण मागणीवरून हलणार नाही. राणीसावरगावच्या ऊसतोड बायांसाठी तो मीच छापला. 'पोटुशी बाई मोळी उचलणार नाही. मुकादमापुढे शड्डू ठोकला आहे.' खाली माझं नाव, ठळक.

बोलायला दोघंच जाणार होतो, मी आणि सखूमावशी. ती टोळीतली सगळ्यात जुनी बाई. पण मुकादम तिचा भाचा – मला तेव्हाच खटकलं. ती त्याला 'बाबू' म्हणायची. त्याच्या घरी हसायची कशाला? आधीच काही ठरवून आली असेल तर? मी हे बायांना बोलूनही दाखवलं. सावध राहा म्हणालो.

मुकादमाच्या ओसरीवर ती चहा फुंकत म्हणाली, "बाबू, पोटुशी बाई मोळी उचलणार न्हाई. तेवढं सोडून बोल."

त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. "काय पैलवान, पत्रक लय झणझणीत हाय तुझं. तुझ्या दादा-वैनीला यंदा टोळीत घ्यायचं का न्हाई, ते सांग."

मी – मी म्हणालो, मोळीची मागणी यंदा राहू द्या. पुढच्या हंगामाला बघू.

मावशीच्या बशीतला चहा तसाच राहिला.

बाहेर बाया थांबल्या होत्या. मी सांगितलं – मावशीनं भाच्याचं तोंड बघून मागणी सोडली. ती एवढंच म्हणाली, "ह्यालाच नीट इचारा." कुणी विचारलं नाही. का विचारतील? संशय मी आधीच पेरून ठेवला होता. आणि पत्रकाखाली नाव कुणाचं होतं?

त्यानंतर मावशीला कुठल्याच बैठकीला बोलावलं नाही. मीच नको म्हणालो.

त्या हंगामात वैनी पोटुशी होती. फडातून गाडीपर्यंत तिच्या मोळ्या सखूमावशीनं वाहिल्या, स्वतःच्या टाकून झाल्यावर. हे मला वैनीनंच सांगितलं, गावी परत आल्यावर, मला वाढता वाढता. वर म्हणाली, "फितूर असली तरी मनानं चांगली हाय बघा."

मी मान हलवली. आणखी एक भाकरी घेतली.